मंदाकाकूंचं ‘होऊन जाईल’

मंदाकाकूंना फुटबॉल कळत नाही, हे सगळ्यात आधी त्या स्वतःच सांगायच्या, आणि तेसुद्धा फुटबॉलच्या मीटिंगमध्ये. “जो खेळ बॉल हातात धरून खेळतात त्याला फुटबॉल म्हणणाऱ्यांनी मला शहाणपण शिकवू नये,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यावर कोच ब्रॅनन हसायचे, कारण दुसरं काही करण्यासारखं नसायचं. आमच्या कॉलेजची फुटबॉल टीम आज जिवंत आहे ती या बाईंमुळे. मी पुण्याची असून एका नागपूरच्या बाईंबद्दल हे लिहिते आहे, तेव्हा ते खरंच असणार, एवढं वाचकांनी समजून घ्यावं.

पूर्ण नाव डॉक्टर मंदाकिनी देवपुजारी. टेक्सासमधल्या प्लेनोपासून उत्तरेला निघालं की मोठमोठ्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती संपतात, मग घरं संपतात, आणि शेतं सुरू होतात तिथे आमचं लहानसं खाजगी कॉलेज आहे. काकू तिथे संख्याशास्त्र शिकवायच्या. मी आयटी विभागात, म्हणजे प्रोजेक्टर बंद पडला की ज्यांची आठवण होते त्यांच्यात. ‘देवपुजारी’ हे आडनाव टेक्सासच्या जिभेला पेलण्यासारखं नव्हतं, म्हणून सगळं कॉलेज त्यांना ‘डॉक्टर डी’ म्हणायचं. मी पहिल्या दिवशी “मॅडम” म्हटलं तर म्हणाल्या, “मॅडम म्हणू नको बाप्पा, काकू म्हण. मॅडम ऐकलं की मला वाटतं कोणीतरी मार्क वाढवून मागून राहिलं.”

चाळीसेक वर्षं अमेरिकेत काढूनही त्यांची बोली जशीच्या तशी होती. मुलांना त्या ‘पोट्टे’ म्हणायच्या, बटाटेवड्याला आलूबोंडा म्हणायच्या आणि कोथिंबिरीला सांबार. मी एकदा दुरुस्ती करायला गेले तर म्हणाल्या, “तुमच्या पुण्यात पाहुण्याला विचारतात ना, जेवूनच आला असाल? मग कोथिंबिरीची चर्चा करायला तुम्हाला वेळ मिळतो.” त्यानंतर मी सांबारच म्हणू लागले.

शिकवण्याची त्यांची तऱ्हाही अशीच. पहिल्या तासाला वर्गात भाताचं पातेलं घेऊन यायच्या. शितावरून भाताची परीक्षा होते हे आपण सगळेच म्हणतो, काकू पुढचं सांगायच्या: “पण पातेलं आधी ढवळायला पाहिजे. वरचंच शीत उचललं तर खाली करपलेलं कळत नाही.” सॅम्पलिंगवरचा इतका सोपा धडा मी आयुष्यात ऐकलेला नाही, आणि मी इंजिनिअर आहे. पेपर मात्र त्या उभ्याने तपासायच्या. बसून तपासले की झोप येते आणि झोपेत हात सैल सुटतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी अमृता दूर पूर्वेकडच्या अ‍ॅशबर्नला वकील. तिने एके दिवशी फोन करून “आई, वी आर एंगेज्ड” एवढंच सांगितलं, आणि काकूंच्या आयुष्यातलं एक मोठं काम हातातून गेलं. तरुणपणी त्यांनी नागपुरात मामेबहिणी, चुलतबहिणी, शेजारणी अशा कितीतरी जणींची लग्नं जमवली होती. कोणाला आधी चहा द्यायचा, कोणाचा मान आधी करायचा, रुसलेल्या आत्याला कोणी उठवायचं, हे सगळं त्यांना पाठ होतं. पोटच्या मुलीच्या वेळी ते काहीच कामी आलं नाही, याची रुखरुख त्यांना होती. पुढे ही सगळी विद्या त्यांनी कॉलेज फुटबॉलवर खर्च केली.

झालं असं, की विद्यार्थ्यांची संख्या घटू लागली म्हणून कॉलेजच्या प्रेसिडेंटनी, म्हणजे आपल्याकडच्या प्राचार्यांनी, फुटबॉल सुरू करायचं ठरवलं. टेक्सासमध्ये हा काही वेडेपणा नाही. इथे मुलगा कुठल्या कॉलेजात जातो हे बरेचदा तिथे शनिवारी, म्हणजे फुटबॉलच्या दिवशी, काय होतं यावर ठरतं. प्राध्यापकांची मीटिंग बोलावली गेली; प्रोजेक्टर सांभाळायला मी. पडद्यावर हेल्मेटची चित्रं, मैदानाचं चित्र, वाजंत्री पथकाच्या टोप्यांचे तीन नमुने. इतिहासवाले भांडत होते की पैसा वाचनालयाला द्या, कॉमर्सवाले टोपीच्या रंगावर बोलत होते. शेवटी काकूंनी हात वर केला.

“हे पोट्टे शनिवारी खेळणार कोणाशी?” त्यांनी इंग्रजीत विचारलं, पोट्टे हा शब्द तेवढा मराठी.

प्रेसिडेंट म्हणाले, “ते आपण नंतर बघू.”

काकू माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. हॉल बुक झाला, वाजंत्री ठरले, मुलगी नंतर बघतात.”

प्रश्न मात्र नेमका होता. इथे कॉलेजं एकेकटी खेळत नाहीत. आठ-दहा कॉलेजांचा एक गट असतो, त्याला कॉन्फरन्स म्हणतात, आणि हंगामातले बहुतेक सामने आपापल्या गटातच होतात. आमच्या कॉलेजची जी कॉन्फरन्स होती तिच्यात फुटबॉल कोणीच खेळत नव्हतं. म्हणजे टीम असणार, पण तिला घर नसणार. हे काकूंनी विचारल्यामुळे सगळ्यांच्या लक्षात आलं, आणि प्रत्येक कॉलेजला खेळांसाठी एक प्राध्यापक प्रतिनिधी नेमावा लागतो, ती जागा त्याच मीटिंगमध्ये काकूंच्या गळ्यात पडली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, “हात वर केला म्हणून तरी कोणी पाहिला ना.”

आता ज्या गोष्टीवर पुढचं सगळं फिरलं ती सांगते.

पहिल्या तुकडीसाठी मुलं आणि त्यांचे आईबाप कॉलेज बघायला आले होते. पश्चिम टेक्सासमधून एक हॉल्बर्ट नावाचे गृहस्थ आले होते, गाईगुरांचा धंदा करणारे, मोठी हॅट, शब्द कमी. त्यांचा मुलगा कोडी बाजूला उभा होता, दारातून आत यायला वाकावं लागेल एवढा उंच. हॉल्बर्टनी काकूंना सांगितलं, की त्यांचा थोरला मुलगा असाच एका नव्या टीमसाठी दुसऱ्या एका कॉलेजात गेला होता. वर्षभरात तिथली टीम बंद झाली. मुलाचं मन उडालं, शिक्षण सुटलं, आता तो ट्रक चालवतो. मग त्यांनी विचारलं, “मॅडम, ही टीम चार वर्षं राहील का?”

काकू म्हणाल्या, “डोन्ट वरी. इट विल बी डन.”

हॉल्बर्टनी हॅट काढली, हात पुढे केला. काकूंनी तो घेतला. “माझ्यासाठी एवढं पुरे आहे,” म्हणाले, आणि जाऊन मुलाचं नाव घालून आले.

संध्याकाळी मला काकूंचा फोन. “अगं पुणेकर, मी काय बोलून बसले?”

आपण मराठी माणसं दिवसातून दहा वेळा ‘होऊन जाईल’ म्हणतो. नळवाला म्हणतो, बँकवाला म्हणतो, मुलीच्या लग्नाची काळजी करणाऱ्या मैत्रिणीला आपण म्हणतो. त्याचा अर्थ ‘हे होईल’ असा कधीच नसतो. त्याचा अर्थ असतो, ‘काळजी करू नका, चहा घ्या.’ काकू मनात ‘होऊन जाईल’ म्हणाल्या आणि तोंडातून ते इंग्रजीत पडलं. समोर उभा होता टेक्सासचा गुरांचा व्यापारी, ज्याच्याकडे हात मिळवला की व्यवहार पक्का.

मी म्हटलं, “काकू, सोपं आहे. त्यांना ईमेल टाका, मिसअंडरस्टँडिंग झालं म्हणून क्लिअर करा.”

पलीकडून त्या म्हणाल्या, “काय लिहू? तुमचा एक मुलगा असाच वाया गेला, दुसऱ्याला मी बोलावलं, पण आमच्यात असं नुसतं म्हणायची पद्धत आहे? नाही गं. बोलले तर बोलले. आता ते खरं करावं लागेल.”

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःहून प्रेसिडेंटकडे गेल्या आणि सांगून आल्या. ते चांगलेच भडकले. बाहेर बसलेल्या मला दारातून ऐकू आलं, “असा शब्द कुठलंच कॉलेज देऊ शकत नाही. मी देऊ शकत नाही!” त्यावर काकूंचा आवाज अगदी शांत: “तुम्ही दिलेला नाही. मी दिला आहे.”

तेव्हापासून त्यांनी फुटबॉल अंगावर घेतला. पहिलं वर्ष नुसत्या सरावाचं होतं, सामना एकही नाही. उन्हात मुलं एकमेकांवर आदळायची आणि काकू मैदानाच्या कडेला छत्री घेऊन उभ्याने पेपर तपासायच्या. सरावाआधी गवतावरच हजेरी घ्यायच्या. ज्याचा गृहपाठ अपुरा, त्याने हेल्मेट घालायचं नाही. कोच ब्रॅनन सुरुवातीला कुरकुरले, पण त्यांच्या लक्षात आलं की हेल्मेटसाठी मुलं संख्याशास्त्रसुद्धा करतात.

दुसऱ्या वर्षी सामने सुरू झाले. सप्टेंबर बरा गेला, कारण त्या महिन्यात सगळीच कॉलेजं गटाबाहेर खेळतात. ऑक्टोबर लागला आणि आमचे शनिवार रिकामे पडले. सगळे आपापल्या घरात, आम्ही ओट्यावर. कोच इतर कोचना फोन करायचे, ते नाही म्हणायचे. काकूंनी वेगळा रस्ता काढला. त्यांनी इतर कॉलेजांतल्या आपल्यासारख्याच प्राध्यापक प्रतिनिधींना फोन लावायला सुरुवात केली. आधी तब्येत, मग मुलंबाळं, मग विद्यार्थ्यांचं अलीकडे वाचन कसं कमी झालंय यावर खरीखुरी हळहळ, आणि मग हळूच, “तुमचा सतरा तारखेचा शनिवार मोकळा दिसतो.” असे त्यांनी तीन सामने मिळवले. तिन्ही आम्ही हरलो. त्यातला एक तर असा हरलो की आमच्या स्कोअरबोर्डवर पाहुण्यांच्या बाजूचा दिवाच गेला, आणि तो मी मुद्दाम दुरुस्त केला नाही असा माझ्यावर आरोप झाला.

त्याच सामन्यानंतरची गोष्ट. इथे सामना संपला की पाहुणी टीम गार सँडविचचे डबे घेते आणि बसमध्ये चढते. काकूंनी कॅन्टीनच्या स्वयंपाकघरात आलूबोंडे तळायला घेतले होते. बटाटे सोलायला मी. कोच ब्रॅनन घामाघूम होऊन आत आले आणि बघतच राहिले.

“डॉक्टर डी, हे कोणासाठी?”

“पाहुण्यांसाठी.”

“त्यांनी आत्ताच आपल्याला धुतलं!”

“म्हणूनच,” काकू झारा हलवत म्हणाल्या. “दमले असतील.”

हे ऐकून कोच तिथेच पिंपावर बसले आणि त्यांनी स्वतः दोन आलूबोंडे खाल्ले. पाहुण्यांच्या बसमध्ये परात गेली ती रिकामी परत आली, आणि मागून त्यांचे कोच आले, तिखट सॉस कुठे मिळतो विचारत. लसणाची चटणी होती ती. पुढच्या वर्षी त्यांनी आपणहून तारीख दिली. काकू मला म्हणाल्या, “पाहुणे उपाशी गेले तर पुन्हा कोण येईल? हे तुला नाही कळायचं, तू पुण्याची.” हे मात्र मला लागलं.

पण परातींवर टीम किती दिवस चालणार? तिसऱ्या वर्षी मुलं सोडून जायला लागली. ज्याला घर नाही त्या टीममध्ये कोण राहील? लॉकर रूममध्ये एकेक कप्पा रिकामा होत होता. कोडी अजून होता. तो कधी काही विचारत नसे. काकूंना पाहिलं की “मॅम” म्हणून मान लववायचा आणि मैदानात जायचा. “तो विचारत नाही हेच मला सहन होत नाही,” काकू एकदा बोलून गेल्या.

त्याच हिवाळ्यात आमच्या भागातल्या कॉन्फरन्सचं सगळं चित्र विस्कटलं. दोन मोठी कॉलेजं एका गटातून दुसऱ्या गटात गेली, त्यांच्या जागा भरायला तिसऱ्या गटातली आली, आणि रोज नवी अफवा. आमच्याकडे दोन रस्ते उघडले. एक होती दूरदूरच्या कॉलेजांची नामांकित कॉन्फरन्स. तिचं नाव घेतलं की प्रेसिडेंटच्या डोळ्यांत चमक यायची. तिथले लोक आम्हाला घ्यायला तयार होते, पण दोन वर्षांनी. दुसरी होती ओक्लाहोमाच्या सीमेलगतच्या लहान कॉलेजांची साधी कॉन्फरन्स. तिच्यातली दोन कॉलेजं नुकतीच निघून गेली होती, आणि नवं कोणी मिळालं नाही तर तीच मोडायची वेळ आली होती. तिथे पुढच्याच हंगामात जागा होती.

प्रेसिडेंट म्हणाले, “दोन वर्षं कळ काढू. आपल्याला मोठं व्हायचं आहे.”

“मोठं होण्यासाठी आधी जगावं लागतं,” काकू म्हणाल्या. “दोन वर्षांत टीमच राहणार नाही. मोठ्या घरचं स्थळ म्हणून मुलगी बसवून ठेवायची, आणि मग त्यांनी दुसरी केली की रडायचं, हे मी पाहिलेलं आहे.”

हे सगळं त्यांनी इंग्रजीत सांगितलं. प्रेसिडेंटना मुलगी आणि स्थळ यांचा काय संबंध ते कळलं नाही, पण कोच ब्रॅननना कळलं. ते आजवर मोठ्या कॉन्फरन्सच्या बाजूचे होते. ते उठून म्हणाले, “सर, माझ्याकडे अर्धे कप्पे रिकामे आहेत. मला पुढचाच हंगाम पाहिजे.” प्रेसिडेंट म्हणाले, ठीक आहे, त्यांना ईमेल पाठवतो.

“ईमेल नाही,” काकू म्हणाल्या. “तुम्ही जायचं. मुलीकडच्यांनी जायचं असतं.”

त्यामागे कारण होतं. त्या लहान कॉन्फरन्सचे प्रमुख टकर नावाचे एका कॉलेजचे वृद्ध प्रेसिडेंट होते. पुष्कळ वर्षांपूर्वी त्यांनी आम्हाला आपल्या कॉन्फरन्समध्ये सन्मानाने बोलावलं होतं आणि आमच्या तेव्हाच्या प्रेसिडेंटनी दोन ओळींच्या ईमेलने नकार कळवला होता. ही माहिती काकूंनी फोनवरच्या गप्पांतून काढली होती. मी म्हटलं, “पण काकू, नीड तर त्यांनाही आहे. कॉन्फरन्स मोडून राहिलीय त्यांची.” त्यांच्या संगतीत माझंही ‘राहिलीय’ सुरू झालं होतं.

“म्हणूनच सांभाळून बोलायचं,” त्या म्हणाल्या. “गरज पडलेल्या माणसाला मान जास्त लागतो.”

टकरांकडे जाताना गाडी काकूंनी चालवली. उजव्या लेनमधून, पाटीवर लिहिलेल्या वेगाने, सगळे ट्रक आम्हाला मागे टाकून जात होते. शेजारी प्रेसिडेंट, मागे मी मांडीवर लॅपटॉप घेऊन. अंतरं, विद्यार्थीसंख्या, नकाशे, सगळ्या स्लाइड मी तयार केल्या होत्या. पोहोचल्यावर काकू म्हणाल्या, “ते गाडीतच राहू दे.” माझी दोन दिवसांची मेहनत गाडीत राहिली.

टकर उठून उभे राहिले, पण हसले नाहीत. बसल्या बसल्या म्हणाले, “तुमच्या लोकांनी मला दोन ओळी लिहिल्या होत्या. मी तेव्हा चार पानं लिहिली होती.”

आमचे प्रेसिडेंट म्हणाले, “ते माझ्या आधीच्या काळात...”

काकू खोकल्या. नागपूरच्या बैठकीतला तो खोकला असणार, कारण प्रेसिडेंट अर्ध्या वाक्यात थांबले. त्यांनी एकदा काकूंकडे पाहिलं, मग टकरांकडे. “चुकलंच ते,” ते म्हणाले. “कॉलेजच्या वतीने मी माफी मागतो. ती चार पानं अजून असतील तर मला वाचायला द्या.”

टकरांनी विचारलं, “कॉफी घेणार?”

काकूंनी माझ्याकडे न बघता मराठीत म्हटलं, “झालं. कॉफी विचारली की बोलणी पुढे गेली समजावं.”

आमच्या प्रेसिडेंटना इतकं साधं आणि इतकं मोठं होताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. वसंत संपायच्या आत आम्हाला त्या कॉन्फरन्सने घेतलं. मतदानात आलूबोंड्यांचा किती वाटा होता हे मी सांगू शकत नाही. काकूंनी सांगितलं असतं की एवढ्या लहान नमुन्यावरून अनुमान काढू नये.

चौथ्या वर्षी आम्ही ऑक्टोबरभर खेळलो. थोडे जिंकलो, बरेच हरलो, पण दर शनिवारी कोणीतरी यायचं किंवा आम्ही कुणाकडे जायचो, आणि प्रवास जवळचे म्हणून मुलं रविवारी सकाळी होस्टेलच्या आपापल्या खोलीत उठायची. शेवटच्या घरच्या सामन्याआधी इथे एक पद्धत आहे. शेवटच्या वर्षाची मुलं आईबापांचा हात धरून मैदानात येतात आणि एकेकाचं नाव पुकारलं जातं. पहिल्या तुकडीतली जी उरली होती ती सगळी त्या दिवशी चालत आली. कोडी हॉल्बर्ट आला, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला वडील, आणि त्यांच्या मागे ट्रक चालवणारा थोरला भाऊ. काकू कठड्याला धरून उभ्या होत्या. त्या रडत होत्या, आणि लपवत नव्हत्या. कॅमेऱ्यामागे मीही रडले. कॅमेरा हलतोय म्हणून ऑनलाइन सामना बघणाऱ्यांच्या तक्रारी आल्या.

सामना संपल्यावर हॉल्बर्ट माझ्या कॅमेऱ्याच्या टेबलाशी आले. “तुम्ही डॉक्टर डीच्याच गावच्या ना?”

“नाही, मी पुण्याची,” माझ्या तोंडून सवयीने गेलं. त्यांना त्यात काही फरक वाटला नसावा.

ते म्हणाले, “मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, ती नुसतं बरं वाटावं म्हणून बोलली. गुरं विकणारी माणसं मला रोज भेटतात. बोलण्यावरून कळतं.”

मी चकित झाले. “मग हात का पुढे केलात?”

“बघत होतो, घेते का.” त्यांनी हॅट डोक्यावर चढवली. “घेतला तिने.”

मी धावत जाऊन काकूंना हे सांगितलं. मला वाटलं त्यांना धक्का बसेल. एका शब्दापायी चार वर्षं या बाईंनी जिवाचं रान केलं आणि समोरच्याने तो शब्द धरलाच नव्हता! काकू जॅकेटच्या बाहीने डोळे पुसत म्हणाल्या, “मला ठाऊक होतं गं. बाप शहाणा आहे, तो कशाला मनावर घेतो? पण पोट्टा बाजूला उभा होता ना. त्यानं ऐकलं होतं.”

मे महिन्यात त्या निवृत्त झाल्या आणि अमृताला बाळ झालं म्हणून अ‍ॅशबर्नला राहायला गेल्या. आता फोन होतात. आमची कॉन्फरन्सही पुन्हा हलू लागली आहे, एक कॉलेज जाणार म्हणतात, एक येणार म्हणतात. पण काकू म्हटलं की मला त्या दिसतात त्या शेवटच्या सामन्याच्या त्याच शनिवारच्या, हॉल्बर्टबद्दल आमचं बोलणं झाल्यानंतरच्या.

पुढच्या वर्षी प्रवेश घेऊ पाहणारी मुलं आईबापांबरोबर कॉलेज बघायला आली होती, त्यांतली एक आई काकूंशी येऊन बोलू लागली. हॉस्पिटलच्या कपड्यांतच होती, ड्यूटीवरून तशीच आली असावी. शेजारी तिचा मुलगा, कानावर हेडफोन, पण गाणं बंद असावं, कारण तो ऐकत होता. तिने काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. ऐकू यायची गरजही नव्हती. “एक मिनिट” असं बोटाने सांगून काकू वळल्या, दुखऱ्या गुडघ्यांनी गॅलरीची एकेक पायरी चढत वर गेल्या, आणि वर पाहुण्यांशी हसत बोलत असलेल्या प्रेसिडेंटना बरोबर घेऊन खाली आल्या.

त्या आईने पुन्हा तोच प्रश्न विचारला, टीम चार वर्षं राहील का. प्रेसिडेंटनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मैदानाकडे पाहिलं, तिथे आता कोणीच नव्हतं. त्यांनी दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घातले आणि एक पाऊल मागे सरकल्या. प्रेसिडेंटनी आधी त्या मुलाकडे पाहिलं, मग हातमोजा काढला आणि त्याच्या आईपुढे हात केला.